मुख्यमंत्र्यांवर साधा नागरिक खटला भरू शकतो का?

हो, आणि त्याचं उदाहरण मुंबईतच आहे. महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या काळातलं सिमेंट वाटप आणि त्यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांच्या संबंधावर उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी अंतुलेंच्या विरोधात निकाल दिला, आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुलेंना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. भाजपच्या रामदास नायकांनी त्यांच्यावर विशेष न्यायालयात खासगी फिर्यादही केली. अशी फिर्याद चालते, पोलिसांनीच खटला आणला पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये स्पष्ट केलं.

खरी मेख मंजुरीत आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ नुसार खटल्याआधी परवानगी लागते, मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत राज्यपालांची. त्यात २०१८ पासून कलम १७अ आलं, म्हणजे पदावर असताना घेतलेल्या निर्णयांची नुसती चौकशी करायलाही पोलिसांना आधी विचारावं लागतं (कोणाला, तर मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत राज्यपालांना!). त्यामुळे आधी कागद जमवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.