आरसी विमानांचा क्लब रीतसर सुरू करायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलं आहे की आठ-दहा जण मिळेल तिथे आरसी (रेडिओ कंट्रोलची छोटी) विमानं उडवता, आता एक मोकळी जागा मिळतेय आणि तिथे क्लब उभा करायचा आहे; आधी काय करावं आणि पुढे काय बिघडतं.

पदाधिकारी, बोधचिन्ह, टी-शर्ट यांत पहिले महिने घालवू नका. क्लब बंद पडतात ते बहुतेक वेळा जागा गेल्यामुळे. आणि जागा जाते आवाजाच्या तक्रारींमुळे, शेजारच्या उभ्या पिकात तुडवातुडव झाल्यामुळे, नाहीतर एखादं विमान माणसांच्या अंगावर आल्यामुळे. नियम करताना त्याने जागा टिकायला मदत होते का, एवढंच बघा. होत नसेल तर तो नियम लिहूच नका, तसाही कोणी पाळत नाही.

जागामालकाशी करार लेखी हवा. उडवण्याचे वार आणि वेळा, गाड्या कुठे लावायच्या, गवत कोण कापणार, विमान शेजारच्या जमिनीत पडलं तर आत कसं जायचं, हे सगळं त्यात असू द्या. तुमच्या देशाच्या विमान वाहतूक नियामकाचे नोंदणीचे, उंचीच्या मर्यादेचे आणि विमानतळापासूनच्या अंतराचे नियम करारावर सही करण्याआधी तपासा. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा काढा आणि त्यात जागामालकालाही संरक्षण मिळेल असं बघा. मालक तयार होत नसेल तर बरेचदा याच मुद्द्यावर तयार होतो.

जागा बघायला जाल तेव्हा जमिनीपेक्षा आकाश बघा. विजेच्या तारा, टॉवर, रनवेच्या टोकांना उंच झाडं असतील तर ती जागा कितीही सपाट असली तरी त्रास देणार. सव्वा ते दीड मीटर पंखाच्या ट्रेनरना (शिकायच्या विमानांना) १०० मीटर लांब आणि १२-१५ मीटर रुंद पट्टी पुरते. मोठ्या पेट्रोल इंजिनांच्या विमानांना १५० ते २०० मीटर लागते. दोन्ही टोकांपुढे निदान १०० मीटर मोकळं हवं, कारण शिकाऊ माणूस पट्टी संपल्यावरच उतरतो. पट्टीची दिशा नेहमीच्या वाऱ्याला धरून ठेवा, पण सूर्यही मोजा. उत्तर गोलार्धात रनवे पूर्व-पश्चिम आणि पायलट त्याच्या दक्षिण बाजूला उत्तरेकडे तोंड करून, अशी मांडणी जमली तर दिवसाचा बराचसा वेळ ऊन पाठीवर राहतं. विमान सूर्यासमोरून गेलं की क्षणभर नुसती काळी आकृती दिसते. ते येतंय की जातंय हेच कळत नाही आणि माणूस ट्रान्समीटरची (हातातल्या रेडिओची) काठी उलटी मारतो.

गवताची पट्टी असेल तर गवत २-३ सेंटिमीटरवर ठेवा. त्यापेक्षा वाढलं की छोट्या चाकांची विमानं टेकऑफलाच नाकावर पडतात आणि प्रॉप (पुढचे पंखे) तुटतात. रोलर फिरवायचा तो पावसानंतर माती ओलसर असताना. चिखलात फिरवला तर चाकोऱ्या पडतात, वाळल्यावर फिरवला तर काहीच होत नाही. गवताऐवजी पट्टीवर कापड अंथरणार असाल तर त्याच्या कडा चर खणून मातीत गाडा. नुसत्या खिळ्यांवर ठेवलेली कड वाऱ्याने उचलते आणि उतरणारं चाक नेमकं तिच्यात अडकतं.

मांडणीत तडजोड नको. रनवेच्या अलीकडच्या कडेपासून साधारण ८ मीटरवर पायलटांची ओळ. त्यांच्या पुढे कमरेएवढी जाळी; मागे ८-१० मीटरवर पिट, म्हणजे विमानं जुळवायची जागा; त्यामागे प्रेक्षक आणि सगळ्यात मागे गाड्या. रनवेची अलीकडची कड हीच सुरक्षा रेषा समजा. हवेतल्या विमानाने ती ओलांडून माणसांकडे यायचं नाही, कितीही उंचावर असलं तरी. पायलट एकाच ओळीत, एकमेकांपासून ३ मीटरवर उभे राहावेत. चौघे चार कोपऱ्यांत उभे राहिले की कोणाचं कोणाला ऐकू जात नाही, आणि निम्मी सुरक्षितता या ऐकू जाण्यातच आहे. पुकारे ठरवून घ्या: ‘टेकऑफ’, ‘लँडिंग’, ‘माणूस रनवेवर’, ‘रनवे मोकळा’ आणि इंजिन बंद पडलं तर ‘डेड स्टिक’. डेड स्टिकला सगळ्यांच्या आधी वाट, कारण त्याला दुसरी फेरी मारता येत नाही. एका वेळी हवेत चार, फार तर पाच विमानं. रनवेवर नाक वर करून विमान प्रॉपवर टांगून ठेवणारे थ्रीडीवाले (कसरती करणारे) असतील तर त्यांना वेगळी वेळ द्या, नाहीतर बाकीच्यांना उतरता येत नाही आणि पहिलं भांडण तिथेच होतं. हेलिकॉप्टरच्या हॉवरिंगलाही (एका जागी तरंगण्यालाही) रनवेपासून लांब वेगळा तुकडा द्या. खरं माणसांचं विमान किंवा हेलिकॉप्टर जवळ आलं तर चर्चा न करता सगळ्यांनी खाली यायचं.

पिटमध्ये सर्वात जास्त इजा प्रॉपने होते, आणि इलेक्ट्रिक मोटरला लोक उगाच कमी घाबरतात. इंजिन अडथळ्याला थांबू तरी शकतं. मोटर अडली की ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा कंट्रोलर) जास्त करंट ढकलतो आणि प्रॉप फिरतच राहतो. म्हणून बॅटरी जोडायची ती पायलट ओळीजवळच्या ठरलेल्या जागी, नाक रनवेकडे, शेपूट कोणीतरी धरलेलं आणि थ्रॉटल कट (मोटर सुरूच होऊ न देणारा स्विच) चालू. टेबलावर बॅटरी जोडून ट्रिम (काठी मोकळी असतानाची मधली जागा) बघायचा असेल तर आधी प्रॉप काढायचा. ग्लो इंधनात (छोट्या ग्लो-प्लग इंजिनांच्या इंधनात) मिथेनॉल असतं आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, तेव्हा अग्निशामक पिटमध्येच हाताशी हवा, कोणाच्या गाडीत नको.

उड्डाणाआधीची तपासणी छापून पिटमध्ये लावा. आधी ट्रान्समीटर चालू, मग विमान. बंद करताना उलट. ट्रान्समीटरवर योग्य मॉडेलची मेमरी निवडली आहे का, हे मोठ्याने वाचायचं; मागच्या वेळचं विमान निवडलेलं राहिलं तर एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) उलटे चालू शकतात. मग विमानाच्या मागे उभं राहून काठी उजवीकडे: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. काठी मागे: एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप) वर. नुसतं हलतंय म्हणून पुढे जाऊ नका, दिशा बघा. पंख काढून परत बसवताना सर्व्होच्या (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या) वायरी अदलाबदल होतात, आणि उलटे एलेरॉन असलेलं विमान जमिनीवर अगदी निरोगी दिसतं.

गुरुत्वमध्य ट्रेनरला पंखाच्या रुंदीच्या पुढून २५ ते ३३ टक्क्यांत असतो; विमानाच्या पुस्तिकेतला आकडा घ्या आणि पहिल्या उड्डाणाला थोडं पुढेच ठेवा. शेपूट जड असलेलं विमान प्रत्येक इशाऱ्याला जास्तीचं उत्तर देतं आणि नवशिक्याच्या हातात राहत नाही. रेंज तपासणी रेडिओच्या रेंज-चेक मोडवर करायची. साधारण ३० पावलं, पण तुमच्या सेटच्या पुस्तिकेत लिहिलेलं अंतर खरं. ती मोटर बंद आणि चालू, दोन्ही वेळा करा, कारण काही दोष मोटरच्या कंपनातच उघडे पडतात. विमानातल्या रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींना काटकोनात हव्यात आणि कार्बन फायबर किंवा बॅटरी यांच्या आड नकोत.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर विमान काय करेल याचं सेटिंग, मात्र प्रत्येक नव्या विमानावर दुसऱ्या सभासदाने स्वतः बघावा. विमान घट्ट धरून थ्रॉटल पाव उघडा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबलीच पाहिजे. काही रिसीव्हर सिग्नल गेल्यावर शेवटची स्थितीच धरून ठेवतात. अशा विमानाचा सिग्नल गेला तर ते तसंच मोटर चालू ठेवून क्षितिजाकडे निघून जातं. रिसीव्हर ट्रान्समीटरशी नव्याने बाइंड केल्यावर (जोडल्यावर) फेलसेफ बदलू शकतो, म्हणून बाइंडनंतर ही तपासणी पुन्हा.

‘सिग्नल गेला’ हे कारण पडल्यावर सगळेच सांगतात. २.४ गिगाहर्ट्झच्या सेटवर तसं होतं कमी. रिसीव्हरचा वीजपुरवठा क्षणभर कोसळण्याचं प्रमाण मला जास्त वाटतं. चार-सहा डिजिटल सर्व्हो एकदम जोरात चालले आणि ईएससीमधला बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणारा भाग) तोकडा पडला की व्होल्टेज खाली जातं आणि रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. खाली उतरेपर्यंत सगळं पूर्ववत, त्यामुळे काही सापडत नाही. मोठ्या विमानांत वेगळा बीईसी किंवा रिसीव्हरची स्वतंत्र बॅटरी, हा नियम क्लबने करावा.

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी रिकामी करून उतरणाऱ्यांसाठी टायमरचा हिशेब शिकवा. समजा २२०० एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) बॅटरी आहे. तिच्यातली ८० टक्के, म्हणजे १७६० वापरायची. पहिल्यांदा फक्त ४ मिनिटं उडवा, मग चार्ज करताना किती परत गेले ते चार्जरवर बघा. १२०० गेले तर मिनिटाला ३०० खर्च होतात. १७६० भागिले ३०० म्हणजे साधारण पावणेसहा मिनिटं. टायमर ५ वर लावा, उतरायला अर्धं-पाऊण मिनिट लागतंच. चार्जिंग १सी दराने, म्हणजे या बॅटरीला २.२ अँपिअरने, बॅलन्स वायर जोडून, उघड्यावर आणि माणूस समोर असताना. पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज ४.२० असतं, न वापरता ठेवायची तर ३.८० ते ३.८५ वर आणून ठेवा. क्रॅश झालेल्या विमानातली बॅटरी काढून अर्धा तास तरी वाळूच्या बादलीत, लोकांपासून दूर. वरून ठीक दिसली म्हणून लगेच गाडीत टाकू नका.

नवशिक्याला बडी बॉक्सशिवाय (शिक्षकाच्या सेटला जोडलेल्या दुसऱ्या ट्रान्समीटरशिवाय) हात लावू देऊ नका. क्लबचं एक ट्रेनर विमान ठेवा: वर पंख असलेलं, फोमचं, चार चॅनेलचं (चार नियंत्रणांचं). शिक्षकाच्या ट्रान्समीटरवरचा स्विच सोडला की ताबा त्याच्याकडे परत यायला हवा. हे प्रत्येक उड्डाणाआधी जमिनीवर करून बघायचं. विद्यार्थ्याच्या सेटवरचे ट्रिम जुळले नसतील तर ताबा देताक्षणी विमान झटका मारतं. सगळ्यांचा मोडही (कोणती काठी काय चालवते ती मांडणी) एकच ठरवा, नाहीतर शिक्षक बदलला की गोंधळ.

क्रम असा ठेवा: उंचावर सरळ आणि एकाच उंचीवर उडवणं, मग डावीकडे व उजवीकडे वळणं, मग इंग्रजी आठचा आकडा. आठमध्ये विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटतं. त्या वेळी विचार करत बसायचं नाही, जो पंख खाली पडतोय त्याच्याकडे काठी न्यायची, पंख सरळ होतो. इथे बहुतेकांची पंधरवडाभर गाडी अडते, अडू द्या. मग थ्रॉटल कमी करून स्टॉल (वेग गेल्याने पंखांची उचल संपणं) कसा येतो ते वरच दाखवा. लँडिंगला पडणाऱ्यांपैकी बरेच जण शेवटच्या वळणावर वेग गमावून, त्यात आणखी रडर (शेपटीची उभी झडप) किंवा एलिव्हेटर ओढून एक पंख खाली टाकतात. त्यानंतर पट्टीभोवती चौकोनी सर्किट, न उतरता केलेले अप्रोच (उतरायला खाली येणं), आणि सगळ्यात शेवटी लँडिंग. एकट्याने उडवायची परवानगी तेव्हाच, जेव्हा तो टेकऑफ, दोन्ही दिशांचा आठ, पट्टीत लँडिंग आणि इंजिन बंद धरून उतरणं, हे शिक्षकाने स्विचला हात न लावता करून दाखवेल. जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारं उपकरण) असलेल्या विमानावर शिकायला हरकत नाही, पण परीक्षा जायरो बंद ठेवून.

आवाजाबद्दल तक्रार येण्याआधीच काम करा. निम्मा आवाज प्रॉपचा असतो. १० इंची प्रॉप मिनिटाला १४००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १८६ मीटर येतो. त्याच इंजिनावर ११ इंची प्रॉप १२००० फेऱ्यांवर आणला तर तो १७६ होतो आणि सूर खाली उतरतो. विमान थोडं हळू पळतं, पण शेजारी दार वाजवत नाही. ३ मीटरवरून आवाजमापक धरून प्रत्येक इंजिनाचा आकडा नोंदवा आणि क्लबची मर्यादा ठरवा. सकाळी लवकर फक्त इलेक्ट्रिक.

पिकात पडलेलं विमान आणायला सगळी फौज निघते आणि तिथेच शेजाऱ्याशी संबंध संपतात. जिथून ते पडताना दिसलं तिथे एक खुंटी ठोका, पडलेल्या दिशेला दूरची एखादी खूण धरा, आणि एकाच माणसाने बांधावरून जायचं. मागे उभा राहिलेला हाताने दिशा दाखवतो. ट्रान्समीटर चालू ठेवून रडर हलवत राहिलं तर सर्व्होचा आवाज कधी कधी ऐकू येतो. मोटरला मात्र थ्रॉटल कट.

वर्गणीचा हिशेब सोपा: जागाभाडं, विमा आणि गवत मिळून वर्षाचा खर्च काढा आणि तो सभासदांच्या ८० टक्क्यांवर वाटा, कारण काही जण सोडून जातातच. प्रवेश शुल्क वेगळं ठेवून ते राखीव निधीत. पदाधिकाऱ्यांत सुरक्षा अधिकारी एवढाच असा हवा की ज्याला जुन्या-जाणत्यालाही ‘आज नको’ म्हणायचा अधिकार असेल.

एफपीव्ही (विमानातल्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये बघत) उडवणारे येणार असतील तर एक फळा लागेल. पूर्वी क्रिस्टलच्या (क्रिस्टलवरून चॅनेल ठरणाऱ्या) रेडिओंसाठी चॅनेलच्या नंबराची चिमटी लावायचा फळा असायचा, कारण एकाच चॅनेलवर दोन ट्रान्समीटर चालू झाले की एक विमान पडणार हे नक्की. २.४ गिगाहर्ट्झमुळे ती गरज संपली, पण ५.८ गिगाहर्ट्झच्या व्हिडिओ चॅनेलना ती अजून आहे. चिमटी लावल्याशिवाय व्हिडिओ ट्रान्समीटर चालू करायचा नाही, आणि गॉगल घातलेल्याच्या शेजारी उघड्या डोळ्यांनी विमान बघणारा एक जण कायम.