गर्भाला घातक असलेली रसायने औषध म्हणून वापरणे कितपत योग्य?

गर्भात व्यंग निर्माण करणारी रसायने पुन्हा औषध म्हणून देणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे नव्हे काय, असे आपण विचारले आहे. नव्हे. गर्भात व्यंगे निर्माण करणाऱ्या, पण आज कर्करोगावरही दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाचा अर्धाच इतिहास वाचलेल्यांनी तो रुग्णाच्या घरी जाऊन सांगणे हा मात्र जिवाशी खेळ आहे.

आम्ही खानापूर तालुक्यातले. आमच्या आप्पांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेचा कर्करोग, असल्याचे बेळगावात निदान झाले आणि इतर औषधांबरोबर थॅलिडोमाइडच्या कॅप्सूल सुरू झाल्या. घर एकत्र, आणि नेमकी त्याच वेळी धाकट्या भावाची बायको गरोदर होती. चिक्कोडीचे आमचे दाजी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात. विचारपूस करायला आले असताना खोक्यावरील गरोदर स्त्रीच्या आकृतीवरची फुली त्यांच्या नजरेस पडली, आणि त्यांनी मोबाइलवर या औषधामुळे जर्मनीत व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांची छायाचित्रे काढून आईसमोर धरली. ‘आप्पांना विष चारताय,’ एवढे बोलून ते चहा पिऊन निघून गेले. आईने कोणालाही न सांगता कॅप्सूल बंद केल्या. पुढच्या तपासणीत रक्तातील एम-प्रोटीन, म्हणजे मायलोमाच्या पेशी तयार करतात ते प्रथिन, वाढलेले दिसले, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला.

दाजींची माहिती खोटी नव्हती. 1957 साली पश्चिम जर्मनीत झोपेचे औषध म्हणून थॅलिडोमाइड बाजारात आले, गरोदर स्त्रियांनी मळमळीवर घेतले, आणि 1961 च्या अखेरीस तेथे विक्री थांबली तरी जगभरात 10 हजारांहून अधिक मुले आखूड हातापायांची किंवा अन्य व्यंगे घेऊन जन्मली. परंतु 1964 मध्ये जेरुसलेमचे डॉ. जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनने, म्हणजे त्या रोगात अचानक उठणाऱ्या दाहाने, तळमळणाऱ्या एका रुग्णाला निव्वळ झोप लागावी म्हणून तेच औषध दिले आणि त्याच्या अंगावरील ठणकणाऱ्या गाठी काही दिवसांतच ओसरू लागल्या, इथपर्यंत दाजींचे वाचन पोहोचले नव्हते. अमेरिकेने 1998 मध्ये कुष्ठरोगाच्या या अवस्थेसाठी आणि 2006 मध्ये मायलोमासाठी या औषधाला मान्यता दिली.

विज्ञानशिक्षकाने तरी कारण शोधायला हवे होते. हे औषध पेशीतील सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि त्याच्याकरवी काही ठरावीक प्रथिने नष्ट करवते. गर्भात हातपाय घडण्यासाठी लागणारे प्रथिन त्यात सापडते, तर मायलोमाच्या पेशींत त्या ज्यांवर जगतात ती प्रथिने सापडतात. अपाय आणि उपाय दोन्ही एकाच क्रियेतून होतात. म्हणून प्रश्न औषध कोणाच्या पोटात जाते एवढाच उरतो, आणि सत्तरीच्या आप्पांच्या पोटात गर्भ नव्हता.

आमच्याकडे खोके कुलपात गेले, कॅप्सूल फक्त मी हाताळू लागलो आणि ती कधीही फोडायची नाही असे ठरले. मात्र गरोदर बाई घरात आहे का, हे औषध देताना दुकानदाराने विचारलेच नव्हते, याचा राग मला आजही आहे.

मी डॉक्टर नाही, हेही सांगतो. आप्पांच्या तळपायांना आलेला बधिरपणा पूर्णपणे गेला नाही, बद्धकोष्ठाने ते हैराण झाले, आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वेगळी गोळी घ्यावी लागली. औषध घेणाऱ्या पुरुषाच्या वीर्यातही ते उतरते, त्यामुळे तरुण रुग्णाने निरोध वापरणे आवश्यक असते, आणि हे औषध घेणाऱ्या कोणीच रक्तदान करायचे नसते. ब्राझीलमध्ये कुष्ठरोगासाठी दिलेल्या याच गोळ्या घरातील स्त्रियांच्या हाती लागून पुढेही व्यंग असलेली मुले जन्मली. दाजींनी त्या दिवशी ही भीती धाकट्या सुनेपुरती सांगितली असती, तर मी त्यांचे आभार मानले असते.