नव्या डिजिटल तंत्रज्ञानामुळे बेळगाव भागातील उद्योग आणि समाज कसे बदलतील?

आपला मुलगा यंदा मेकॅनिकल डिप्लोमा पूर्ण करतो आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता, सेन्सर, थ्रीडी प्रिंटिंग यांच्या रेट्यात बेळगावच्या कारखान्यांत त्याला काम उरेल का, असे आपण विचारले आहे. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) तपासणी विभागात काम करतो, त्यामुळे ओतकामाविषयीच अधिकाराने बोलू शकतो. माझ्या मते काम संपणार नाही; पण नवशिका माणूस ज्या कामांवर हात बसवतो, ती कामे आधी जातील आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

ओतलेले लोखंड गोठताना आकसते. जाड भाग सर्वांत शेवटी गोठतो आणि त्याला वेळेवर रस (वितळलेले लोखंड) मिळाला नाही तर आत पोकळी राहते, जी पुष्कळदा कास्टिंग (ओतलेला नग) यंत्रावर कापायला-घासायला, म्हणजे मशिनिंगला, गेल्यावरच उघडी पडते. पूर्वी रायझर, म्हणजे त्या भागाला जादा रस पुरवणारा साच्यातला साठा, कुठे आणि केवढा ठेवायचा हे जुने मिस्त्री अनुभवाने ठरवत, एखादा नग ओतून, कापून पाहत आणि पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा करतात तो नमुना) पुन्हा दुरुस्त करून घेत. आता ओतकाम संगणकावर आधीच करून पाहणारे सिम्युलेशन सॉफ्टवेअर तो धोक्याचा भाग भट्टी पेटण्यापूर्वीच पडद्यावर दाखवते. नगातली पोकळ जागा घडवणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, तर त्याच्या साच्याशिवाय (कोअर बॉक्सशिवाय) थेट थ्रीडी प्रिंटरवर तयार होऊ शकतो. त्यामुळे लाकडी पॅटर्न करणाऱ्या कारागिराला वाटणारी धास्ती अनाठायी नाही.

तरीही पडद्यावरचे उत्तर आपण भरलेल्या आकड्यांइतकेच खरे असते. भट्टीतून साधारण १४५० ते १५०० अंश सेल्सिअसला निघालेले लोखंड साच्यापर्यंत पोहोचेतो थंड होत जाते. वाळूत ओल वाजवीपेक्षा जास्त झाली की वाफेने नगात ब्लोहोल (वायूची छिद्रे) पडतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती ओल सांभाळणे सोपे नसते. वाळू मुठीत दाबून, मोडून पाहून ‘आज हिच्यात ओतू नका’ असे सांगणारी माणसे आमच्या शॉपमध्ये (कारखान्याच्या कामाच्या जागी) अजून आहेत. अशा माणसाला सॉफ्टवेअर चालवणाऱ्याच्या शेजारी बसवले तर दोघांचेही काम सुधारते. परंतु त्याची माहिती नोंदवून घेऊन त्यालाच घरी बसवले, तर आकडा चुकला आहे हे सांगायला शॉपमध्ये कोणी उरत नाही. इलेक्ट्रिक वाहनांमुळे सिलिंडर हेड, ब्लॉक यांची मागणी घटेल, पंप, व्हॉल्व्ह आणि हायड्रॉलिक्सची कास्टिंग मात्र लागतच राहतील.

समाजाविषयी बोलायचे तर आपल्याकडे एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. कर्नाटकाने ‘भूमी’ योजनेत जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या आणि सन २००० च्या सुमारास तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत उतारा मिळू लागला. नकलेसाठी तलाठ्यामागे घालाव्या लागणाऱ्या खेपा वाचल्या, हे फार मोठे काम झाले. पण तो उतारा कन्नडमध्ये असल्याने खानापूर, निपाणीकडच्या अनेक मराठी शेतकऱ्यांना तो वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावेच लागले. आज फोनचा कॅमेरा कन्नड मजकूर मराठीत करून दाखवतो आणि केंद्राने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’सारख्या भारतीय भाषांतील भाषांतराच्या उपक्रमांमुळे ही सोय आणखी सुधारावी. सर्व नव्या तंत्रज्ञानांत मला सर्वाधिक आशा याचीच वाटते, कारण स्वतःच्या जमिनीचा कागद स्वतः वाचता येणे ही साधी गोष्ट नाही. मात्र बोजा, वारसा किंवा पोटहिस्सा यांच्या नोंदीत एका शब्दाची गफलतही महागात पडते. म्हणून खरेदी-विक्रीपूर्वी तो कागद जाणकाराकडून तपासून घ्यावाच.

आपल्या मुलाने सीएनसी (संगणकाने चालणारी यंत्रे) किंवा सिम्युलेशन जरूर शिकावे. डिप्लोमाधारकांना राष्ट्रीय योजनेतून एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी करता येते. ती घेताना केवळ विद्यावेतन न पाहता, मोल्डिंग, भट्टी आणि तपासणी या तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष काम करू देणार का, हे त्याने मुलाखतीतच विचारून घ्यावे.