खिडकीतली कोथिंबीर आडवी का पडते?

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत जेमतेम दोन तास ऊन येते. तिथे कुंडीत दोनदा धणे पेरले. रोपे उगवली, पण दोरीसारखी लांब वाढून काचेकडे कलली आणि आडवी पडली. जी थोडी कोथिंबीर हाती आली, ती फोडणीत घातल्यावर तिचा वासही उरला नाही. हा उद्योग सोडून द्यावा का?

उत्तर : मुळीच सोडू नका. मातीलगतचा देठ काळपट होऊन चिमटल्यासारखा बारीक झाला असता, तर जास्त ओलाव्यामुळे बुरशी लागली असे म्हणता आले असते. पण तुमची रोपे काचेकडे कलली, याचा अर्थ त्यांना उजेड अपुरा पडतो आहे. कोथिंबिरीला रोज निदान चार तास ऊन हवे. तेवढे मिळणारी जागा घरात कुठेच नसेल, तर या खिडकीत पुदिना लावा, कारण तो कमी उन्हातही तग धरतो आणि त्याची काडी खालची पाने काढून पाण्यात ठेवली, की साधारण दोन आठवड्यांत मुळे फुटतात.

उन्हाची जागा सापडलीच, तर पेरणी जरा निगुतीने करा. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया पोटात असलेले फळ असते, म्हणून लाटण्याने हलकेच दाबून त्याचे दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावेत आणि साधारण 1 सेंटीमीटर खोल पेरावेत. कोंब वर यायला कधी कधी दोन आठवडेही लागतात. तोवर माती उकरून पाहू नये. या रोपाला सोटमूळ असल्यामुळे कुंडी निदान 20 सेंटीमीटर खोल असावी आणि रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत. दाटी झाल्यास जास्तीची रोपे कात्रीने कापून सरळ जेवणात वापरावीत. पाणी रोज ठरावीक वेळी घालण्यापेक्षा मातीत पेरभर बोट खुपसून पाहावे आणि कोरडे लागले तरच घालावे.

वासाचे म्हणाल, तर कोथिंबिरीतली सुगंधी द्रव्ये उष्णतेने चटकन उडून जातात. म्हणून कोवळे देठ बारीक चिरून शिजताना घालावेत, पाने मात्र भांडे आचेवरून उतरवल्यावर, आयत्या वेळी चिरून. एका कुंडीतून घरभराची भाजी निघणार नाही, हे मान्य. परंतु साध्या वरणावर नुकतीच खुडलेली चिमूटभर पाने पडली, की त्या वरणाची चवच पालटते, आणि एवढ्यासाठीही ही कुंडी जपावी असे मला मनापासून वाटते.

उन्हाळा वाढला की रोप लवकर फुलावर येते आणि वरची पाने शेपूसारखी बारीक होतात. तेव्हा ते उपटू नका. फुलांनंतर धरणारे हिरवे धणे ठेचून चटणीत घालून पाहा, आणि उरलेले रोपावरच वाळू द्या, म्हणजे पुढच्या पेरणीला बी घरचेच होईल.