बजेटमध्ये पर्यटनाला पैसे दिले की गावातल्या मुलांना खरंच काम मिळतं का?

तुम्ही विचारलंय की मंदीनंतर सरकारने पर्यटनासाठी कोट्यवधींची तरतूद केली तर त्यातून रोजगार उभा राहतो का, की ते आकडे कागदावरच राहतात. रोजगार उभा राहतो. फक्त तो पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कुणाच्या हातात पडतो, हे आधी बघावं लागतं. सरकारी कामांची बिलं करण्यात माझी नोकरी गेली आणि राहतो सिंधुदुर्गात, म्हणून इथलंच सांगतो.

1997 मध्ये आमचा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालवण-तारकर्लीचा हंगाम पाऊस ओसरला की सुरू होतो, दिवाळी-नाताळात भरतो आणि मे महिन्याच्या सुट्टीबरोबर संपतो. सरकारचं वर्ष मात्र एप्रिल ते मार्च. मार्चमध्ये बजेट मंजूर होतं, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. निधी हप्त्याहप्त्याने सुटतो आणि मोठा भाग मार्चअखेरीला येतो. एका जेट्टीच्या दुरुस्तीचा आदेश असाच वर्ष संपताना निघाला. खडी येऊन पडली ती ऐन एप्रिलात. मे महिन्यात पर्यटक गुडघाभर पाण्यातून होडीत चढत होते, वयस्कर माणसं काठावरूनच परत फिरत होती. जूनमध्ये पाऊस लागला आणि काम थांबलं. हीच रक्कम जुलै-ऑगस्टपर्यंत हातात असती आणि निविदा पावसाळ्यातच उरकली असती, तर पाऊस थांबल्या थांबल्या गवंड्यांना काम लागलं असतं आणि नाताळात होडीवाल्यांचा धंदा झाला असता.

दुसरी गोष्ट, पैसा कुणाकडे जातो. कोरोनाने हंगाम बुडाला, वर मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने मालवण-देवगडला झोडपलं. 2022-23 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आपत्कालीन कर्जहमी योजनेची (धंद्यांच्या बँक कर्जाला सरकार जामीन राहतं ती) मर्यादा 50 हजार कोटींनी वाढवून 5 लाख कोटी केली आणि ही वाढ खास हॉटेल व संलग्न व्यवसायांसाठी ठेवली. निर्णय योग्यच होता. पण ही हमी मुळात ज्यांचं बँकेत आधीपासून कर्ज होतं त्यांच्यासाठी. ज्या हॉटेलचं कर्जखातं होतं ते तगलं. स्कूबाला पर्यटक घेऊन जाणारा पोरगा, घरच्या दोन खोल्या भाड्याने देणारी काकी, खानावळीत मासे तळणारी बाई यांचा सगळा व्यवहार रोखीचा; त्यांच्यापर्यंत हमी पोचणार कशी?

याउलट मनरेगा बघा. 2020-21 मध्ये 61,500 कोटींची तरतूद होती, ती सुधारित अंदाजात, म्हणजे वर्ष चालू असताना बदललेल्या आकड्यात, 1,11,500 कोटींवर नेली. शहरांतून परतलेल्या माणसांना गावात मजुरी मिळाली, ती किराणा दुकानात खर्च झाली, आणि तेही त्याच वर्षी. याची मुळं महाराष्ट्रातच आहेत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर राबली, आणि तिला दरवर्षी खात्रीचा पैसा मिळावा म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. पगारपत्रकावर कापले जाणारे ते दोनशे रुपये मला कधी जड वाटले नाहीत.

आता निवतीजवळच्या समुद्रात नौदलाची निवृत्त युद्धनौका गुलदार बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं आहे. त्यासाठी केंद्राने 50 वर्षांच्या बिनव्याजी कर्जातून सुमारे 47 कोटी मंजूर केलेत. मला हा प्रकल्प मनापासून हवा आहे. पण अशा कामांत बांधकामाला पैसे मिळतात आणि नंतरच्या रोजच्या खर्चाला, म्हणजे जीवरक्षक, सफाई कामगार, स्वच्छतागृहाचं पाणी यांना, तरतूद नसते. पक्क्या नोकऱ्या तर त्यातच असतात.

तुमच्या जिल्ह्याचं तपासायचं असेल तर बजेटच्या दिवसाच्या बातम्यांवर थांबू नका. राज्याची अर्थसंकल्पीय पुस्तकं ऑनलाइन मिळतात. पर्यटनाच्या पानावर मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन रकाने शेजारी ठेवून वाचा. प्रत्यक्षाचा आकडा दोन वर्षं उशिरा छापला जातो, त्यामुळे मागची पुस्तकंही काढावी लागतील. पहिला आकडा फुगलेला आणि शेवटचा बारीक दिसला, तर तो कागद घेऊन जिल्हा नियोजन समितीवरच्या तुमच्या सदस्याला गाठा, आणि तेही सप्टेंबरच्या आत.