छपरावरचे दिवे आणि नऊशे डॉलरची पॉलिसी

टेक्सासमधल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४१, पगार वर्षाला १,२०,००० डॉलर, पत्नी घर सांभाळते, दोन मुलं. डिसेंबरात त्यांच्या रस्त्यावरची सगळी घरं झगमगतात. नाताळची रोषणाई लावून आणि काढून घ्यायला दरवर्षी ७०० डॉलर जातात. आता एका कंपनीने छपराच्या कडेने कायमचे दिवे बसवायचा ४,८०० डॉलरचा कोट दिलाय, १८ महिने बिनव्याजी. दिवाळी ते नाताळ तेच दिवे, रंग फोनवरून बदलायचे, वर घराची किंमतही वाढेल. घ्यावेत का, असा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय: "पैशांची तशी चिंता नाही. निवृत्तीसाठी महिना ९०० डॉलरची आययूएल पॉलिसी घेतली आहे. त्यासाठी ४०१-के तीन वर्षांपूर्वी बंद केलं." (आययूएल म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाला, म्हणजे इंडेक्सला, जोडलेला आयुष्यभराचा विमा; ४०१-के म्हणजे नोकरीतून पगार कापून चालणारं निवृत्तीचं खातं.)

दिव्यांचं आधी उरकतो, कारण खरं दुखणं त्या शेवटच्या ओळींत आहे.

वर्षाला ७०० वाचले तरी ४,८०० वसूल व्हायला सात वर्षं. तोवर कंट्रोलर किंवा पॉवर सप्लाय एकदाही बिघडणार नाही, असं धरायचं तर धरा. घराची किंमत वाढेल हे विसरा. घराची किंमत ठरवणारा अप्रेझर दिवे मोजत नाही. 'बिनव्याजी'चा अर्थ करारात नीट वाचा. 'डिफर्ड इंटरेस्ट' असेल, तर अठराव्या महिन्याअखेर थोडीही बाकी राहिली की पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम लागतं. अशा योजनांत दर ३० टक्क्यांच्या आसपास असतो. महिना २६७ भरले तर सुटलात. बिलावरचं 'किमान देय' शंभरेक डॉलर भरत राहिलात, तर सतराशेच्या घरात व्याज.

विजेचा बाऊ करू नका. दीडशे फुटांना फूटभर अंतराने दीडशे एलईडी दिवे, सगळे मिळून सव्वाशे वॉटच्या आत-बाहेर. रोज सहा तास, ४५ दिवस, म्हणजे ३५ युनिटसुद्धा होत नाहीत. पाच-सहा डॉलर. जुने सात वॉटचे बल्ब असते तर चाळीस-पन्नास. एलईडीच्या माळा आणि क्लिपा मिळून दोनशे डॉलरच्या आसपास येतात. त्या घ्या, शिडीवर चढायला माणूस लावा आणि माळा पुढच्या वर्षी पुन्हा वापरा. कायमचे दिवे हवेच असतील तर रोख पैसे साठवून घ्या, आणि त्याआधी एचओएची, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेची, परवानगी लेखी मागा.

आता पॉलिसी. ती विकणारे गृहस्थ मंडळाच्या कार्यक्रमात भेटले, म्हणता. "४०१-के बाजारात बुडतं, इथे पैसा शून्याखाली जातच नाही आणि सगळं टॅक्स-फ्री," असं त्यांनी सांगितलं. तुम्हालाही एजंट व्हा म्हणाले. तेव्हाच उठायला हवं होतं.

तुमची कंपनी पगाराच्या पहिल्या ६ टक्क्यांवर निम्मी मॅच देते. तुम्ही ७,२०० घातले की कंपनी ३,६०० घालते. ते तुम्ही तीन वर्षं नाकारलेत, म्हणजे १०,८०० डॉलर. सात वर्षांत फिटणाऱ्या दिव्यांवर तुम्ही विचार करताय, आणि त्या दिव्यांच्या पाऊण किमतीएवढी रक्कम दरवर्षी सोडून देताय! वयाच्या ६५ पर्यंत नुसती ही मॅच, महागाई वजा जाता ५ टक्क्यांनी वाढली, तरी दीड लाखाच्या वर जाते.

पॉलिसीचं वार्षिक स्टेटमेंट तुम्ही जोडलंय, पण वाचलेलं दिसत नाही. भरलेत ३२,४००. 'अकाउंट व्हॅल्यू' २४,०००. त्याच्याच शेजारच्या रकान्यात 'सरेंडर व्हॅल्यू' ११,०००. आज हातात येणारा आकडा हा दुसरा. मधले तेरा हजार हा सरेंडर चार्ज. शून्याची हमी फक्त इंडेक्सच्या परताव्याला आहे. विम्याचा खर्च आणि शुल्क त्यातून कापलं जातंच, आणि विम्याचा खर्च वयाबरोबर चढत जातो. बाजार २० टक्के वर गेला तरी तुमच्या पॉलिसीत ९ टक्क्यांची कॅप, म्हणजे त्यावर काही मिळत नाही; लाभांश धरलेलाच नाही. आणि विकताना दाखवलेला तक्ता? दरवर्षी न चुकता साडेसहा टक्के! त्याच कागदावर 'गॅरंटीड' रकाना आहे, कंपनी खरोखर हमी देते तेवढ्याचा. तुमच्या कागदात तो ६८व्या वर्षी शून्यावर येतो. तो टॅक्स-फ्री पैसा म्हणजे पॉलिसीवर उचललेलं कर्ज. ते उचललेलं असताना पॉलिसी अशी बंद पडली, तर नफ्यावर कर बसतो. मग कसलं टॅक्स-फ्री?

टॅक्स-फ्रीच हवं तर रॉथ आयआरए आहे: कर भरलेले पैसे घालायचं स्वतःचं निवृत्ती खातं. तुमच्या उत्पन्नात, पत्नीसह संयुक्त रिटर्न भरत असाल, तर बहुधा १२ टक्क्यांच्या पट्ट्यात येता. आज एवढा कमी कर भरून पुढे करमुक्त काढता येत असताना, त्यासाठी विमा एजंटला कमिशन कशाला द्यायचं? पत्नीला पगार नसला तरी तिच्या नावेही रॉथ उघडता येतं.

क्रम चुकवू नका. आधी २० वर्षांचा, दहा लाख डॉलरचा टर्म विमा. प्रकृती ठणठणीत आणि धूम्रपान नसेल तर या वयात साधारण ७०-८० डॉलर महिना. घरात कमावणारे तुम्ही एकटे. आताच्या पॉलिसीतले सहा लाख तसेही अपुरेच आहेत. मेडिकल होऊन टर्म पॉलिसी चालू झाल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही. ४०१-के मात्र याच आठवड्यात ६ टक्क्यांवर सुरू करा. महिना ६०० कापले जातील, पण कर वाचल्याने हातातले सव्वापाचशेच कमी होतील. जुना हप्ता थांबला की टर्म भागवून जवळपास तीनशे उरतात, ते रॉथमध्ये. तोवर दोन-तीन महिने ओढाताण होईल, ती होऊ द्या.

मग पॉलिसी सरेंडर करा. ११,००० घ्या आणि एकवीस हजारांवर पाणी सोडा. गेलेले वसूल करायच्या नादात वर्षाला आणखी १०,८०० घालू नका. रक्कम थेट हातात घेण्याआधी एकदा कर सल्लागाराला '१०३५ एक्स्चेंज' विचारा: ती कमी खर्चाच्या अ‍ॅन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या निवृत्ती योजनेत, वळवली, तर भरलेले ३२,४०० खरेदीमूल्य म्हणून सोबत जातात आणि ११,००० वाढून ३२,४०० होईपर्यंतचा तिथला नफा करातून सुटतो.

पॉलिसी विकणारे स्नेही दुखावतील, घरी समजवायला येतील, नवा तक्ता आणतील. त्यांना चहा द्या आणि गॅरंटीड रकान्यावर सही करून मागा.