काहीही संबंध नसताना लोक एखाद्या खेळाडूच्या बाजूने किंवा विरोधात का जातात?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात हार्दिक पंड्याचं नाव निघालं की डबे उघडायच्या आधीच दोन तट पडतात, आणि त्याला कधी भेटलेला एकही जण त्यात नसतो. खाली कोणीतरी उत्तर दिलंय की 'खरा चाहता खेळावर प्रेम करतो, खेळाडूवर नाही.' हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. माझा मोठा भाऊ हेच वाक्य मला वर्षानुवर्षं ऐकवत आलाय. आणि रवी शास्त्रीला त्याच्याइतक्या शिव्या अख्ख्या माटुंग्यात कोणी घातल्या नसतील.

माझं मत आधीच सांगून टाकतो. माणूस हुर्यो उडवतो ती बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी वतीने. आपला माणूस बाहेर बसलाय आणि हा आत खेळतोय, एवढं कारण पुरतं. नंतर तो स्वार्थी आहे, शायनर आहे, देशासाठी खेळत नाही वगैरे शोध लागतात.

दादा, म्हणजे हा भाऊ, फलंदाज संदीप पाटीलचा चाहता. त्या काळी दादर-माटुंग्यातला निम्मा पोरगा संदीप पाटीलचाच होता म्हणा. शिवाजी पार्कचा माणूस. सिडनीला ऑस्ट्रेलियाच्या पॅस्कोचा चेंडू कानावर खाल्ला आणि पुढच्याच कसोटीत ॲडलेडला 174 ठोकले. 1982 मध्ये मँचेस्टरला इंग्लंडच्या बॉब विलिसला एका षटकात सहा चौकार. दादाची तर केसांची ठेवणसुद्धा संदीप पाटीलची होती, ती त्याला शोभत नव्हती हा भाग वेगळा. मी पोदार कॉलेजचा. शास्त्री पोदारचा. मला कारण म्हणून एवढं बास होतं आणि मी त्याची लाज कधी बाळगली नाही.

घरात वाजलं ते डिसेंबर 1984 मध्ये. इंग्लंडविरुद्ध दिल्लीची कसोटी वाचवायची होती. दुसऱ्या डावात कपिल आणि संदीप पाटील दोघेही हवेत फटके मारून बाद झाले, आपण हरलो, आणि कोलकात्याच्या कसोटीसाठी निवड समितीने दोघांनाही वगळलं. कपिल परत आला. संदीप पाटील पुन्हा कसोटी खेळलाच नाही. इकडे कोलकात्यात काय, तर शास्त्रीचं शतक. 111 धावा आणि त्यासाठी सात तासांच्या वर मुक्काम. ईडन गार्डन्सवर लोक कपिलच्या नावाने ओरडत होते, डाव सोडत नाही म्हणून कर्णधार गावसकरवर फळं फेकत होते. आमच्या घरी दादा रेडिओवर ओरडत होता.

आता गंमत बघा. संदीप पाटीलच्या जागी आला कोण? अझरुद्दीन. त्याच कसोटीत, त्याच शास्त्रीबरोबर खेळताना पदार्पणात त्याने शतक केलं. हिशोबाने दादाचा राग अझरवर निघायला हवा होता. पण मनगटातून तसा फ्लिक मारणाऱ्या, खाली मान घालून चालणाऱ्या पोरावर रागावणार कसं? पुढच्या दोन कसोटींतही त्याने शतकं ठोकली. मग राग गेला सोयीच्या माणसाकडे, शास्त्रीकडे. उंच, देखणा, इंग्रजी बोलणारा, आणि धावा काढताना घड्याळाकडे न बघणारा. त्याचा तो पायावरून ढकललेला चपाती शॉट दिसला की दादा उठून गॅलरीत जायचा.

त्यानंतर आठवडाभरातच, 10 जानेवारी 1985 ला, वानखेडेवर बडोद्याविरुद्धच्या रणजी सामन्यात याच शास्त्रीने तिलक राजला एका षटकात सहा षटकार मारले. वेस्ट इंडिजच्या सोबर्सनंतर प्रथम श्रेणी सामन्यात हे कोणी केलं नव्हतं. द्विशतक 113 मिनिटांत. कोलकात्यात त्याच्या निम्म्या धावांना सात तास आणि इथे दोन तासांच्या आत दोनशे, म्हणजे हाणता येतं आणि गरज पडली की थांबताही येतं, हे शेंबड्या पोरालाही कळावं. मी पेपर दादाच्या ताटाशेजारी नेऊन ठेवला. त्याने तो बाजूला सारला, आमटीत भात कालवला आणि म्हणाला, "बडोद्याची बॉलिंग आहे ती."

मला तेव्हा कळलं की याला पुरावा दाखवून उपयोग नाही. संथ खेळला तर स्वार्थी, मारलं तर समोरची बॉलिंग फालतू. ज्याच्यावर आधीच फुली मारली आहे त्याने काहीही केलं तरी फुलीच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. मेलबर्नला पाकिस्तानविरुद्ध अंतिम सामना, रविवार, आमच्या खोलीत शेजारपाजारचे सगळे. श्रीकांतने 67 मारले, शास्त्री 63 वर नाबाद राहिला, आपण आठ गडी राखून जिंकलो. शास्त्रीला स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ऑडी मिळाली, सगळा संघ त्या गाडीवर चढून मैदानाला फेरी मारत होता. खोलीत नुसता दंगा. दादा पायजम्याच्या नाडीशी खेळत बसलेला. मग म्हणाला, "पेट्रोल कोण घालणार त्यात, त्याचा बाप?"

पुढे सरकारने त्या गाडीवरची ड्युटी माफ केल्याची बातमी आली तेव्हा तर त्याने जेवण टाकलं. कारण सांगतो. दादाने स्कूटरसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं आणि तो नंबर काही केल्या लागत नव्हता. आईला सगळं दिसत होतं. ती म्हणाली, "अरे, त्याने तुझी स्कूटर नेली का?" चिडण्याचं कारण विचारताय ना, त्यातलं अर्धं इथे आहे. आपल्या अडलेल्या कामांचा राग काढायला चव्हाट्यावर उभा असलेला माणूस लागतो, आणि खेळाडू कायमच चव्हाट्यावर असतो.

पुढे मैदानामैदानांत 'शास्त्री हाय हाय' चालायचं. एकदा वानखेडेवर एका सामन्याला आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, आणि आपल्याच गावच्या मैदानात, आपल्याच गावच्या माणसाला लोक ते ऐकवत होते. दादा सर्वात पुढे. मी त्याला म्हटलं की हा पोरगा दहाव्या नंबरवर आला आणि ओपनिंगपर्यंत पोचला, त्याच्यासाठी टाळ्या नको वाजवूस, निदान गप्प बस. चर्चगेटपासून माटुंगा रोडपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. 1992 मध्ये शास्त्रीने सिडनीला 206 केले तेव्हा मी मुद्दाम फोन केला. त्याने फोन वहिनीकडे दिला.

तर हार्दिक. 1 एप्रिल 2024 ला वानखेडेवर आयपीएलच्या मुंबई विरुद्ध राजस्थान सामन्यात मैदान त्याच्यावर इतकं ओरडलं की नाणेफेकीला समालोचक संजय मांजरेकरला प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. त्या गर्दीत दादाचा मुलगा होता. तो बोरिवलीचा, रोहितही बोरिवलीत वाढलेला. पाच वेळा ट्रॉफी जिंकून देणाऱ्या रोहितचं मुंबईचं कर्णधारपद काढून हार्दिकला दिलं ते संघाच्या मालकांनी, व्यवस्थापनाने. पण मालकाला हुर्यो उडवायला तो टॉसला येतो कुठे? हार्दिक येतो. 29 जूनला बार्बाडोसला त्याच हार्दिकने 16 धावा हव्या असताना शेवटचं षटक टाकलं, आपण टी-20 विश्वचषक जिंकलो, आणि 4 जुलैला मरीन ड्राइव्हवर तोच पुतण्या बसच्या मागे पळत हार्दिकच्या नावाने घसा फोडत होता. मी विचारलं तर म्हणाला, "काका, ते वेगळं होतं." वेगळं म्हणजे इतकंच की तोपर्यंत रोहितच्या हातात कप आला होता. ज्याच्या वतीने भांडण चाललं होतं त्याचंच भागलं, तर पुढे कोण कशाला भांडेल? संदीप पाटीलचं भागलं नाही, म्हणून दादाचं मिटलं नाही.

माझ्या या म्हणण्याला भोकं आहेत, तीही सांगतो. 2006 मध्ये इंग्लंडविरुद्ध सचिन एका धावेवर बाद झाला तेव्हा याच वानखेडेने त्याला हुर्यो उडवली होती. ती कोणाच्या वतीने? तिकिटाच्या पैशांच्या वतीने असेल. आणि 1999 मध्ये चेन्नईत पाकिस्तानने आपल्याला 12 धावांनी हरवलं तरी अख्खं मैदान उभं राहून त्यांना टाळ्या देत होतं, म्हणजे निखळ खेळ बघणारे लोक असतात. मुंबईत मला ते फारसे भेटले नाहीत, बस. 2025 पर्यंत फँटसी टीमवर पैसे लावून ओरडायचे त्यांना मी मोजतच नाही, त्यांचं सगळं पैशांचं होतं. बाकीच्या खेळांचं ठाऊक नाही, कबड्डीत आमच्याकडे मंडळावरून मारामाऱ्या व्हायच्या, खेळाडूवरून नाही.

तुमच्या ऑफिसातल्यांना आकडे दाखवत बसू नका. प्रत्येकाला एवढंच विचारा की तुझा माणूस कोण आणि त्याचं काय गेलं. उत्तर मिळेल.

आणि दादा, पुतण्याला मी या उत्तराची लिंक पाठवणार आहे, म्हणजे तू वाचशीलच. संदीप पाटीलला निवड समितीने काढलं. शास्त्री तेव्हा 22 वर्षांचा होता, समितीत नव्हता. हल्ली त्याची कॉमेंट्री ऐकताना 'आवाज बघ माणसाचा' म्हणतोस, ते वहिनीने मला सांगितलंय.